बिनफ्लॅशची मेंदी

आवीदादा सैन्यातून सुटून घरी आला आणि आमचा कुकर बाथरूमवरच्या माळ्यावर गेला. हा निर्णय कोणी बसून घेतला नाही. त्या शुक्रवारी आईने मटण शिजायला लावलं होतं. तिसरी शिट्टी झाली आणि समोर पेपर वाचत बसलेला दादा दिसेनासा झाला. बाथरूमचं दार आतून बंद होतं आणि आत पाणी वाहत होतं. आईने गॅस बंद केला, कुकर थंड होऊ दिला, घासूनपुसून कोरडा केला आणि पप्पांना स्टूल आणायला सांगितलं. त्यानंतर आमच्याकडे डाळ पातेल्यात शिजू लागली, मटण सकाळपासून मंद आचेवर बसू लागलं आणि अश्केलोनच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सदा नारळाच्या रसाचा आणि कोथिंबिरीचा वास दरवळत राहिला. पप्पांनी जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून सगळ्या दारांच्या चौकटींना चिकटवल्या. दाराची घंटा काढून टाकली. पाहुणे बोटांनी टकटक करायचे आणि आम्हाला ऐकू गेलं नाही तर निघून जायचे. माझ्या मैत्रिणी विचारायच्या, तुमच्याकडे कोणी लहान बाळ आहे का?

या सगळ्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नसे. हिब्रूत याला ‘हेलेम क्राव’ म्हणतात, लढाईचा धक्का. हे शब्द मी शाळेत ऐकले होते, टीव्हीवर ऐकले होते, पण आमच्या घरात ते उच्चारले गेले नाहीत. सैन्यातून आजारी होऊन आलेल्यांसाठी मिस्राद, म्हणजे सरकारी कचेरी होती, तिथे डॉक्टर होते, पण पप्पा म्हणायचे, “एकदा मिस्रादमध्ये नाव गेलं की संपलं. पोराला कोण मुलगी देईल? आपले मराठी ज्यू किती, सगळे एकमेकांना ओळखतात. आज अश्केलोनमध्ये शिंकलं की उद्या किर्यात गातमध्ये रुमाल काढतात.” पप्पा किर्यात गातच्या कापडाच्या कारखान्यात होते आणि त्याआधी मुंबईत मिलमध्ये. आयुष्यभर यंत्रांच्या खडखडाटात उभं राहिल्याने त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते स्वतः मोठ्याने बोलायचे. दादा आल्यावर त्यांना हळू बोलायला शिकावं लागलं. ते त्यांना कधी नीट जमलं नाही. मध्येच आवाज चढायचा, मग आई त्यांच्याकडे बघायची आणि ते वाक्य अर्धं सोडून जेवायला लागायचे.

लेबनॉनमधल्या त्या ठाण्यावर काय झालं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. दोघं गेले, दादा जवळच होता, एवढं त्याच्या अधिकाऱ्याने फोनवर सांगितलं होतं. त्याहून अधिक विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. आम्ही त्याला विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. हा आमच्या घरातला समजूतदारपणा होता. आज मला त्याचा संताप येतो. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि घरातल्या मोठ्यांना सगळं कळतं असं समजत होते.

कुकरपेक्षा मोठा शत्रू फ्लॅश आहे हे आम्हाला मावसभावाच्या बार मित्स्वाला, त्याच्या तेराव्या वर्षाच्या समारंभाला कळलं. सभागृहात फोटोग्राफर टेबलाटेबलाशी येऊन फोटो काढत होता. आमच्या टेबलाशी आला, लख्खकन उजेड पडला आणि दादा टेबलाखाली गेला. टेबलक्लॉथ ओढला गेला, सोड्याच्या बाटल्या, भजी, चटण्या सगळं माझ्या मांडीवर. पप्पा उठून हसत हसत सर्वांना म्हणाले, “कॉन्टॅक्ट लेन्स पडली त्याची, कॉन्टॅक्ट लेन्स!” आणि स्वतः खाली वाकून शोधायला लागले. दोन-तीन भले लोकही गुडघ्यावर बसून ती नसलेली लेन्स शोधू लागले. दादाने आयुष्यात चष्मासुद्धा लावला नव्हता. घरी येताना गाडीत आई एवढंच म्हणाली की आता फोटोपासून जपलं पाहिजे.

आणि फोटोपासून जपायचं म्हणजे माझ्यापासूनच जपायचं होतं, कारण मी फोटोच्या दुकानात नोकरी करत होते. मोठ्या रस्त्यावर शालोम नावाच्या मोरोक्कोकडच्या माणसाचा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम, रोल धुणं, फ्रेम लावणं, असं सगळं तिथे चालायचं. शालोम तोंडाचा फाटका आणि मनाचा बरा होता. त्याने त्या वर्षी लेन्स बदलता येणारा मोठा डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि तो नव्या सुनेसारखा कपाटात जपून ठेवला होता. मला हात लावू देई, पण स्वतः शेजारी उभा राहून.

दादाचं स्थळ जमलं ते त्याच सुमारास. मुलगी रोनित, किर्यात गातची, बालवाडीत मदतनीस. गोल चेहरा, घोगरा आवाज, आणि समोरचा बोलत असला की पूर्ण ऐकून घ्यायची सवय. दादा तिला भेटायला बसने जायचा आणि परत आला की जेवायचा. हे मी सांगते आहे कारण एरवी तो जेवत नसे, ताटातलं इकडचं तिकडे करायचा. रोनितकडून आला की आईच्या हातचं माशाचं कालवण दोनदा वाढून घ्यायचा. आई त्याच्याकडे न बघता भात वाढत राहायची, बघितलं तर नजर लागेल म्हणून. एकदा दादा मला हिब्रूत म्हणाला, “शुला, तिला सांगायला हवं ना?” मी म्हटलं, हो. पप्पा दुसऱ्या खोलीत होते. त्यांना यावेळी बरोबर ऐकू आलं. ते दारात येऊन म्हणाले, “लग्नानंतर सांग. काय सांगायचं ते लग्नानंतर. नवराबायको झालात की सगळं चालतं.” दादा “बेसेदेर” म्हणाला, म्हणजे ठीक आहे, आणि टीव्हीचा आवाज बंद करून चित्रं बघत बसला.

लग्नाची बोलणी करायला ती मंडळी आमच्याकडे आली. रोनितचे वडील हनोखकाका, तिची आई, भाऊ यारोन आणि खुर्चीत मावणार नाही एवढी जाडजूड आजी. आईने चिकाचा हलवा केला होता. सगळं गोडीत चाललं होतं. तेवढ्यात हनोखकाका म्हणाले, “मेंदीला फोटोवाला आमचा. दोन माणसं, व्हिडिओ वेगळा. मोठी लाइट आणतात, एकदम पिच्चरसारखं.” आईच्या हातातली बशी तशीच राहिली. आणि माझे पप्पा, ज्यांना एरवी दुकानदाराशी घासाघीससुद्धा जमायची नाही, ते ताडकन म्हणाले, “आमच्यात फ्लॅश चालत नाही. मलिद्यापासून हुप्प्याच्या मांडवाखाली लग्न लागेपर्यंत. फ्लॅश नाही, मोठी लाइट नाही. आमची पद्धत आहे.”

आजी हलवा खाता खाता थांबली. “कुठली रे पद्धत? तुमचे लोक रोह्याकडचे ना? माझी मोठी बहीण रोह्यालाच दिलेली. तिथे तर कंदिलाला तेल नव्हतं, फ्लॅश कुठून आला?” यारोन हसायला लागला. पप्पांचा चेहरा पडला. तेव्हा आईने बशी खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि शांतपणे म्हणाली, “पद्धत नाही, नवस आहे. आवी लेबनॉनमध्ये होता तेव्हा मी एलियाहू हान्नाबीला बोलले होते. पोरगा सुखरूप आला तर त्याच्या मेंदीला, लग्नाला तुमच्या दिव्याशिवाय दुसरा लख्ख उजेड पाडणार नाही.”

संपलं. आमच्या लोकांत यापुढे प्रश्न नाही. देव सगळ्या ज्यूंचा, पण एलियाहू हान्नाबी हा नबी आमच्या घरातला. तो कोकणात येऊन गेला, आमच्या आज्यापणज्यांनी त्याच्या घोड्याच्या टापांची खूण पाहिली. बाळ जन्मलं, परीक्षा पास झाली, नवीन घर घेतलं, की पोहे भिजवून, खोबरं, साखर, वेलची घालून, वर फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या ठेवून त्याच्या नावाचा मलिदा होतो. त्याला बोललेला नवस मोडला तर काय होतं याच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. आजीने हात जोडले. “पोरगा सुखरूप आला, अजून काय पायजे,” ती म्हणाली आणि हनोखकाकांनीही मान डोलावली. दादा कोपऱ्यात उभा होता. ‘सुखरूप’ हा शब्द ऐकून तो गच्चीत निघून गेला.

ते लोक गेल्यावर आई स्वयंपाकघरात बसून रडली. ती जन्मात खोटं बोलली नव्हती असं मुळीच नाही. दुधवाल्याशी, शेजारणीशी, पप्पांशी ती आरामात खोटं बोलायची. पण हान्नाबीच्या नावाने नाही. “नवस मी बोललेच नव्हते गं,” ती मला म्हणत होती. “तेव्हा मला सुचलंच नाही. सगळ्या बायका बोलल्या, मी तेवढी विसरले. आणि आता त्याच्या नावाने खोटं सांगितलं.” पप्पा म्हणाले, “मग आता बोल. आता बोललीस की खरा झाला.” आई म्हणाली, “त्याला काय तारखा कळत नाहीत?”

तर अशा रीतीने फोटोंचं काम माझ्या गळ्यात पडलं. शालोमला मी नवसाचंच कारण सांगितलं. तो आधी हसला, मग कपाट उघडलं. त्याला स्वतःलाच बघायचं होतं की हा कॅमेरा अंधारात काय करतो. रोलच्या काळात एकदा रोल घातला की तेवढ्याच उजेडावर भागवावं लागायचं. डिजिटलमध्ये बोटाने आकडा फिरवला की कॅमेऱ्याची नजर वाढते. शंभर, दोनशे, चारशे, आठशे, सोळाशे, आणि त्यापुढे बत्तीसशे, जो थेट आकड्याने दाखवतसुद्धा नाहीत, एक अक्षर येतं. शालोम म्हणाला, “तिथे जाऊ नकोस. ते फक्त जाहिरातीसाठी आहे.” पण का जायचं नाही हे त्यालाही नीट माहीत नव्हतं. दादाने मला विचारलं होतं, फ्लॅश नाही तर अंधारात फोटो कसे निघणार? मी आकडे समजावून सांगितले. तो म्हणाला, “नजर वाढवली की काय दिसतं?” मी मोठ्या रुबाबात म्हटलं, सगळं दिसतं.

मेंदीचं सभागृह समुद्राच्या बाजूला होतं. पिवळे बल्ब, तेही मंद केलेले, कारण नवसाची बातमी मालकापर्यंत गेली होती आणि त्याने भक्तिभावाने अर्धे दिवे मालवले होते. प्रार्थना म्हणणाऱ्या हज्जानसाहेबांनी माइकवरून सांगितलं की या घरचा नवस आहे, कोणी फ्लॅश मारू नये. आणि लोकांनी ऐकलं! एवढ्या माणसांनी आपापले कॅमेरे पर्समध्ये टाकले. मी पुष्कळ समारंभ पाहिले आहेत, पण आमच्या लोकांना एवढी शिस्त पुन्हा कधी आलेली पाहिली नाही. मलिदा झाला, मावश्यांनी जुनी गाणी म्हटली, दादाच्या डोक्याला फुलांचा सेहरा बांधला, उजव्या हाताच्या बोटाला मेंदी लावून वर फडकं गुंडाळलं. रोनित हिरव्या साडीत त्याच्या शेजारी होती. मी सोळाशेवर गेले, फोटो हलायला लागले, मग तेवढ्याने भागेना म्हणून बत्तीसशेवर गेले. कॅमेऱ्यामागच्या आगपेटीएवढ्या पडद्यावर सगळं सुरेख दिसत होतं, स्वच्छ, सोनेरी. दादा एकदाही दचकला नाही. तो हसला. पप्पा माझ्याजवळ येऊन कानात म्हणाले, “जिंकलो, शुला.”

दुसऱ्या दिवशी दुकानात मी ते फोटो कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर उघडले. सगळीकडे ठिपके. उजेडातल्या जागा बऱ्या होत्या, पण जिथे सावली होती, दादाचा काळा कोट, रोनितचे केस, स्टेजच्या मागचं दार, तिथे लाल, निळे, हिरवे कण बुजबुजले होते. रोलचे दाणे रव्यासारखे एकजात असतात, डोळ्याला खुपत नाहीत. हे तसे नव्हते. याला आमच्या धंद्यात नॉइज म्हणतात. रेडिओवर लांबचं स्टेशन लागत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर गाण्याबरोबर खरखरही वाढते, त्यातला प्रकार. उजेड होता त्याहून जास्त आणता येत नाही, फक्त जे आलं ते फुगवता येतं आणि त्यात यंत्राची स्वतःची खरखरही फुगते. शालोमने कपाळावर हात मारला. मी एका प्रोग्रॅममधून ठिपके पुसून बघितले तर माणसं मेणाची झाली, रोनितची आजी विशीतली दिसायला लागली. शेवटी आहेत तसेच फोटो सीडीवर घेतले. दुसरे फोटो कोणाकडेच नव्हते. मंगळवारी लग्न होतं आणि दोन्ही घरं माझ्या फोटोंची वाट बघत होती.

शुक्रवारी दुपारी आम्ही चौघं किर्यात गातला गेलो. शब्बाथ, शनिवारचा विसाव्याचा दिवस, सूर्यास्ताला लागायचा, त्याला बराच वेळ होता. रोनितच्या घरात मासे तळल्याचा वास होता आणि आजी पाटावर बसून नारळ खोवत होती. यारोनचा कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत होता, दुकानातल्यापेक्षा मोठ्या पडद्याचा. सगळे खुर्च्या ओढून बसले. पहिला फोटो आला तेव्हा सगळे ‘वा’ म्हणाले. तिसऱ्या-चौथ्याला रोनितच्या आईने विचारलं, “हे तोंडावर काय उठलंय? गोवर आल्यासारखं?” मी कारण सांगायला लागले, पण यारोन कॉम्प्युटरमधला शहाणा, त्याने माझ्या हातातून माउस घेतला. “नॉइज आहे. थांबा, दाखवतो,” म्हणत त्याने फोटो वाढवायला सुरुवात केली. रोनित आणि दादा बाजूला सरकले, पडद्यावर स्टेजमागचं उघडं दार आलं, मग दाराच्या आतला काळोख आला आणि सबंध पडदा त्या कणांनी भरून गेला.

“थांब,” दादा म्हणाला.

तो उठून पडद्यापाशी गेला. “तिथे कोण आहे?”

“कुठे?” यारोनने विचारलं. “काही नाही. दारामागे अंधार आहे.”

“डावीकडे घे. अजून. तिथे. तो माणूस आहे की नाही?”

“माणूस नाही रे. नॉइज आहे नुसता.”

“तुला कसं माहीत?” दादाचा आवाज अगदी साधा होता, पत्ता विचारल्यासारखा. “नीट बघ. खांदा दिसतो का? मघाशी दिसला. आता नाही. नीट बघून सांग.”

मग तो बोलायला लागला. हिब्रूत, पडद्याकडे तोंड करून. ठाण्यावर तो पहाऱ्याला होता. अंधारात बघायची दुर्बीण होती, ती अंधार फुगवून दाखवते, हिरवी, आणि तिच्यात असेच कण वळवळत असतात. तासभर बघितलं की त्या कणांची माणसं होतात. आधी तीनदा त्याने इशारा दिला होता आणि तीनदा काही निघालं नव्हतं, एकदा रानडुक्कर निघालं. पोरं त्याला डुक्करवाला म्हणायला लागली होती. त्या रात्री कुंपणाशी काही हललं असं त्याला वाटलं, मग वाटलं कणच आहेत. वायरलेसवर त्याला विचारण्यात आलं, खाली स्वच्छ आहे का, म्हणजे कोणी नाही ना? कुंपण दुरुस्त करायला दोघांना पाठवायचं होतं. “मी म्हटलं, स्वच्छ आहे,” दादा म्हणाला. “मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, स्वच्छ आहे. ते दोघं उतरले. आधी उजेड झाला, मग आवाज.”

हे सगळं तो सांगत होता तेव्हा माझे पप्पा काय करत होते ते मला अजून दिसतं. पहिल्या दोन वाक्यांतच ते उठले, हनोखकाकांच्या दंडाला धरून त्यांना खिडकीशी घेऊन गेले आणि मोठमोठ्याने बोलू लागले. मंगळवारच्या बसबद्दल, सभागृहातल्या खुर्च्यांबद्दल, अश्केलोनच्या रस्त्याच्या कामाबद्दल. एवढी वर्षं दाबून ठेवलेला मिलमधला आवाज त्यांनी पूर्ण सोडला होता. पोराचं बोलणं त्यांना त्या आवाजाखाली झाकायचं होतं. दादा त्यामुळे थांबला नाही. त्याचा आवाज वाढलाही नाही. आम्ही जवळ बसलो होतो, आम्हाला प्रत्येक शब्द ऐकू आला.

आम्ही कुकर माळ्यावर टाकला होता, दारांना रबर लावलं होतं, एका नबीच्या नावाने अख्ख्या सभागृहाचे दिवे मंद करवले होते. फ्लॅश टाळला, म्हणून नजर वाढवावी लागली आणि नजर वाढवली म्हणून ते कण आले. त्याला नेमकी कशाची भीती वाटते हे एकदा त्यालाच विचारलं असतं तर मी ते फोटो त्याच्यासमोर उघडलेच नसते. हे मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्या समजलं आणि आईपप्पांचा इतका राग आला की मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

सगळ्यात आधी आजी बोलली. तिला हिब्रू फारसं येत नव्हतं, रोनितची आई तिच्या कानात सांगत होती. ऐकून झाल्यावर तिने खोवणी बाजूला सारली आणि माझ्या आईला विचारलं, “म्हणजे फ्लॅश या पोरासाठी बंद केला? नवस नव्हता?”

आई पदराच्या काठाचा धागा ओढू लागली.

“सांग बाय. नवस होता की नव्हता?”

“नव्हता,” आई म्हणाली.

“पोरगा आजारी हाय म्हणाला असतात तर मी मुलगी दिली असती,” आजी म्हणाली. “माझा नवरा मिलमधून पाय तुटून आला, मी काय सोडला त्याला? पण तुम्ही हान्नाबीचं नाव घेतलंत. अख्ख्या समाजाला त्याच्या नावाने अंधारात बसवलंत. आता या घरात मी पोर कशी देऊ?”

खरंच दिली असती का, मला शंका आहे. असं मागाहून म्हणणं सोपं असतं. पण आईने ते शब्द मरेपर्यंत पुरवून वापरले. तिच्या हिशेबी दादाचं आयुष्य दुर्बिणीने नाही, युद्धाने नाही, तिच्या खोट्या नवसाने बिघडलं. शेवटच्या आजारातही ती मला हेच सांगत होती आणि मी तिला नाही म्हणून थकले.

आता सगळेच एकदम बोलू लागले. आई आजीचे हात धरत होती, हनोखकाका पप्पांवर ओरडत होते, यारोन मध्ये पडत होता. या गलक्यात रोनित उठली, दादाशेजारची खुर्ची ओढून बसली आणि तिने माउस हातात घेतला. दादा अजून पडद्याकडेच बघत होता. तिने ते दार वरच्या कोपऱ्यापासून सुरू केलं. थोडं सरकवायचं, थांबायचं, बघायचं. “इथे मला कोणी दिसत नाही,” ती म्हणायची. “इथेही नाही. इथे काहीतरी लांबट आहे, पडद्याची दोरी असेल.” दादा पुढे झुकून बघायचा आणि मान हलवायचा, मग ती पुढे सरकायची. बालवाडीतल्या मुलाबरोबर चित्रांचं पुस्तक बघावं तसं ते दोघं तो अंधार बघत होते. सगळं दार संपल्यावर दादाने विचारलं, “खात्री आहे?”

“नाही,” रोनित म्हणाली. “खात्री नाही. मला दिसत नाही, एवढंच सांगू शकते.”

दादाने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड हातांनी झाकून रडायला लागला. लेबनॉनहून आल्यापासून तो रडलेला आम्ही पाहिला नव्हता.

परतताना गाडी मी चालवली. शब्बाथ लागला. आईने दिवे लावले, पप्पांनी प्याला हातात धरून किद्दुशची प्रार्थना म्हटली, तळलेली मच्छी तशीच झाकून राहिली. शब्बाथ संपेपर्यंत तिकडून फोन येणार नव्हता आणि इकडून करता येणार नव्हता. शनिवारचा सबंध दिवस आम्ही घरात एकमेकांना टाळत फिरत होतो, तेवढ्याशा घरात जेवढं टाळता येईल तेवढं. आई दिवसभर पुटपुटत होती. पप्पा झोपल्याचं सोंग करून पडले होते. दादा गच्चीत बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. लग्न राहतं की मोडतं, एवढीच गोष्ट घरात होती आणि तिच्याबद्दल बोलायचं नव्हतं.

रोनित मला पुढे बऱ्याच वर्षांनी एका नात्यातल्या लग्नात भेटली. कडेवर मूल होतं. दादा कसा आहे, तिने विचारलं. मी सांगितलं की अश्केलोनवर रॉकेटं पडायला लागली, भोंगे वाजायला लागले, तेव्हा तो अरादला राहायला गेला, एकटाच असतो, वाळवंटातली शांतता त्याला मानवते, मिस्रादकडून औषधपाणी चालू आहे. ती बराच वेळ मुलाच्या कपड्याची गुंडी लावत राहिली. मग म्हणाली, “बाबांनी फोन केला तेव्हा मी शेजारीच उभी होते.” मी पुढचं विचारलं नाही.

त्या शनिवारी आकाशात तारे दिसले, पप्पांनी शब्बाथ संपवणारी हवदालाची प्रार्थना केली आणि फोन वाजला. तो दादाने उचलला. आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या दारात. दादा ऐकत होता, मध्ये “हो काका” म्हणाला, पुन्हा ऐकलं, “बेसेदेर” म्हणाला आणि रिसीव्हर जागेवर ठेवला.

“मंगळवारी लग्न नाही,” तो म्हणाला.

आईने भिंतीला टेकून तोंडावर पदर घेतला. दादा टेबलाशी येऊन उभा राहिला. “उद्या रविवार, कचेऱ्या उघडतील. सकाळी मी मिस्रादमध्ये जाणार,” तो पप्पांना म्हणाला. हिब्रूत नाही, मराठीत म्हणाला, त्यांना नीट कळावं म्हणून. “नाव लिहून घेतील. विचारतील काय झालं. मी सांगणार.”

पप्पा आता ओरडतील असं मला वाटलं. ते काही क्षण टेबलावरचा कपडा सारखा करत राहिले.

“काय सांगणार?”

“काल तिथे सांगितलं तेच.”

“सगळं?”

“सगळं.”

पप्पा खाली बसले. मग अगदी हळू, जसं आम्ही त्यांना इतकी वर्षं बोलायला सांगत होतो तितकं हळू, ते म्हणाले, “मग आधी मला सांग. काल मी बोलत होतो. मला काही ऐकू आलं नाही.”

दादाने त्यांच्यासमोरची खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.